मुंगी पाळायची? आधी आपला मुलूख बघा, मग जात ठरवा

मुंग्या पाळायला निघालेले बरेचजण पहिल्याच वर्षी राणी गमावतात. त्यातल्या बहुतेकांची चूक पहिल्याच पावलावर झालेली असते. कुठल्यातरी व्हिडिओत स्पेनमधल्या दाणे साठवणाऱ्या मेसर मुंग्या दिसतात, त्याच हव्याशा वाटतात, मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते. अॅक्रिलिकचं चकचकीत घरटंही मागवून होतं. सगळ्यात शेवटी मुंग्या येतात, नाहीतर येतच नाहीत. हा क्रम उलटा आहे. आधी आपला मुलूख बघायचा, मग पावसाची वाट बघायची, मग राणी शोधायची. जात कुठली पाळायची याचं उत्तर तुमच्या अंगणातच निम्मं ठरलेलं असतं.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकांसाठी आहे. बाहेरदेशी राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा टप्पा दिला आहे.

१. आपल्या भागात काय मिळतं ते आधी बघा

पाऊस सुरू व्हायच्या आधी आठ-दहा दिवस घराभोवती नुसतं फिरा. सकाळी एकदा, रात्री टॉर्च घेऊन एकदा. झाडांच्या बुंध्याशी, कुंपणाच्या भिंतीवर, बागेतल्या विटांखाली कुठल्या मुंग्या आहेत ते टिपून ठेवा. तुम्हाला मिळणारी राणी बहुधा यातलीच असणार.

राज्यात जवळजवळ सगळीकडे मिळणारी आणि नवख्या माणसाला सर्वांत सोयीची जात म्हणजे काळा मुंगळा, काही भागांत डोंगळा. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कडुलिंब, बाभूळ अशा झाडांच्या मुळाशी जमिनीत राहतो. राणी मोठी, धट्टीकट्टी असते. पहिली कामकरी निघेपर्यंत तिला काहीही खायला लागत नाही. आकार मोठा असल्यामुळे अंडी, अळ्या, कोष सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पहिली वसाहत हिचीच करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

देशावर आणि मराठवाड्यात, म्हणजे कोरड्या मोकळ्या रानात, तिची एक देखणी बहीण भेटते. कॅम्पोनोटस सेरिसियस. पोटावर सोनेरी लव असते आणि उन्हात ती जरीसारखी चमकते. ही दिवसा हिंडते. याच पट्ट्यात बिळाच्या तोंडाभोवती फोलपटांचं गोल कडं दिसलं, तर तिथे दाणे गोळा करणाऱ्या बारीक मुंग्या आहेत. स्पेनच्या मेसरची ज्यांना भुरळ पडते त्यांनी आधी हे कडं बघावं. बाजरी-राळ्याचे दाणे ओढत नेणाऱ्या मुंग्या आपल्या बांधावरच आहेत.

फिडोली ही मोठ्या डोक्याच्या मुंग्यांची प्रजाती शहरात आणि खेड्यात, दोन्हीकडे सापडते. साध्या कामकरी चिमुकल्या, आणि त्यांच्यातच काहींचं डोकं अंगापेक्षा जड. वसाहत झपाट्याने वाढते. मात्र आकार लहान असल्यामुळे कापसाच्या फटीतूनही निसटतात, म्हणून दुसऱ्या वर्षी घ्या.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर विविधता सर्वांत जास्त. झुडपांवर पाठीला काटे असलेल्या पॉलिरॅकिस दिसतात. आंबा-काजूवर पानं शिवून घरटी करणारे हुमले, म्हणजे ओंबील, तर सगळ्यांच्या ओळखीचे. पूर्व विदर्भाच्या जंगलातही ते आहेत. पण हुमले घरात पाळायच्या भानगडीत पडू नका. त्यांना झाड लागतं. पानं शिवायचं रेशीम त्यांच्या अळ्या देतात, तेव्हा पानं आणि अळ्या दोन्ही नसतील तर घरटं होत नाही. आणखी एक चूक दरवर्षी होते: फांदीवरचं एक घरटं कापून पिशवीत घालून आणतात. एका वसाहतीची घरटी कित्येक असतात, कधी तर ती अनेक झाडांवर पसरलेली असतात, आणि राणी त्यांतल्या एखाद्यातच. तुमच्या पिशवीत फक्त चिडलेल्या कामकरी येतात.

> सावध: करड्या-काळ्या रंगाची, अंगावर बारीक रेघा असलेली, एकटीच हिंडणारी मोठी मुंगी दिसली तर ती डायकॅमा असू शकते. बिळाच्या तोंडाशी ती पिसं आणि काटक्या लावते, त्यांवर रात्रीचं दव धरतं. या जातीत पंखवाली राणी नसतेच. कामकऱ्यांपैकीच एक अंडी घालते. "राणी सापडत नाही" म्हणून बीळ खणत बसू नका. शिवाय ती डंख मारते.

२. हंगाम चुकवू नका

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, हवा दमट झाली आणि वारा पडला की पंखवाल्या राण्या आणि नर मीलनासाठी उडतात. त्या संध्याकाळी बाहेर पडा. मे अखेरपासून जुलैपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. कोकणात तो आधी येतो, विदर्भात आठवडा-दोन आठवडे उशिरा. वेगवेगळ्या जातींच्या वेळा वेगळ्या असतात. काही पहाटे उडतात, काही दिवेलागणीला. पावसाळ्याच्या शेवटीही काहींची उड्डाणं होतात, तेव्हा जून हुकला म्हणून वर्ष गेलं असं नाही.

शोधायचं कुठे? रस्त्याच्या दिव्याखाली, सोसायटीच्या गेटवरच्या ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर आणि पायवाटेवर.

खणायचं नाही. फावडं घेऊन बीळ उकरलं तर राणी खोलवर निघून जाते किंवा फावड्याखाली चिरडते, आणि एक नांदती वसाहत फुकट जाते. आपण ज्याला वारूळ म्हणतो ती मातीची उंच बांधणी तर वाळवीची असते, तिथे तुमची मुंगी मुळात नसते.

> सावध: राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून काहीही उचलू नका. बोरिवली असो, ताडोबा असो की राधानगरी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. तुमच्या गल्लीतला दिवा पुरेसा आहे.

३. हातात आलेली खरोखर राणी आहे का?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिल्या पावसात दिव्याखाली जो ढीग जमतो त्यात निम्मी पाखरं वाळवीची असतात. फरक असा: वाळवीची कंबर जाड, शरीर एकसलग, स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, सरळ मण्यांच्या माळेसारख्या, आणि चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक, स्पृशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान.

मुंगी आहे हे ठरलं की नर की राणी ते बघा. नराचं डोकं लहान, अंग सडपातळ. राणीची छाती, म्हणजे पंख जिथे जोडलेले असतात तो भाग, पैलवानासारखी भरलेली, आणि पोट मोठं. मुंगीला पंख फुटले की तिचा अंत जवळ आला असं आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, त्यांचं आयुष्य उड्डाणानंतर फार उरत नाही. राणीचं मात्र तिथून सुरू होतं.

दिव्यावर येणारी एक तपकिरी, लांबट, सॉसेजसारख्या पोटाची जाडजूड माशीसारखी आकृती हमखास फसवते. तो डोरायलस मुंगीचा नर. आकाराने इतका मोठा की कुणालाही राणीच वाटतो. पहिल्या वर्षी मीही तोच नळीत ठेवला होता आणि चार दिवसांनी तो मेला तेव्हा माझ्या हातून राणी गेली म्हणून हळहळत बसलो होतो. आता ओळखायचं म्हणजे आधी डोकं बघतो: पोटाच्या मानाने ते अगदीच छोटं आणि डोळे मोठे असतात.

> तपासा: पंख गळून पडलेली, जमिनीवर लगबगीने फटी हुंगत चालणारी राणी सर्वांत उत्तम. तिचं मीलन झालेलं असण्याची शक्यता जास्त. छातीच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. पंख असलेली उचलली तर ती फलित असेलच असं नाही.

काळ्या मुंगळ्याची राणी दीड सेंटीमीटरच्या पुढे असते, डोळ्यात भरते. तेवढीच कामकरीसुद्धा मोठी असू शकते, म्हणून लांबी बघून ठरवू नका, छाती बघा.

४. पकडणं आणि चिठ्ठी

चिमटा नको. रिकाम्या काडेपेटीत किंवा झाकणाच्या छोट्या डबीत तिला स्वतः चालत जाऊ द्या. डबीत ओलसर कापसाचा छोटा बोळा ठेवा. एका डबीत एकच राणी. दोन ठेवल्या तर बऱ्याच जातींत पुढेमागे मारामारी होते.

आणि लगेच, त्याच जागी, चिठ्ठी लिहा: तारीख, वेळ, जागा. "१२ जून, संध्याकाळी ७.३०, गेटजवळच्या कडुलिंबाखाली." हे बहुतेकजण टाळतात. जात ओळखायला याची गरज पडतेच, आणि पुढे आणखी एका कामाला ही चिठ्ठी लागणार आहे.

५. नळी तयार करणं

घरटं नको, नळी हवी. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात १६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब काचेची टेस्ट ट्यूब मिळते. बारीक जातींना याहून अरुंद घ्या.

अ) नळीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरा. उकळून गार केलेलं पाणी चालेल.

आ) औषधाच्या दुकानातला साधा कापूस घ्या, सुगंधी नको. घट्ट बोळा करून पेन्सिलने पाण्यापर्यंत सरकवा. कापूस पूर्ण भिजला पाहिजे, पण त्याच्या पुढे पाणी साचता कामा नये. बोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा करा.

इ) नळी रात्रभर आडवी ठेवा. सकाळी पुढच्या भागात थेंबभरही पाणी आलेलं नसेल तरच राणी आत सोडा.

ई) तोंडाला कोरड्या कापसाचा दुसरा बोळा. हवा येईल इतपत सैल, राणी ढकलू शकणार नाही इतपत घट्ट.

उ) काळ्या कागदाची गुंडाळी नळीवर चढवा. काढघाल करता येईल अशी.

"रात्रभर" ही पायरी गाळणारे सगळ्यात जास्त राण्या बुडवतात.

६. नळी कुठे ठेवायची

आपल्या घरांत राणीचा पहिला शत्रू म्हणजे घरातल्याच बारीक मुंग्या. साखरेच्या डब्यात शिरतात त्याच. त्या कापसातून वाट काढतात, रात्रीतून अंडी पळवतात आणि राणीला मारतात. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघून केलेल्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. उपाय घरातलाच आहे: आजी मुरांब्याची बरणी पाण्याच्या ताटात ठेवायची, तसंच करायचं. परातीत पाणी, मध्ये पालथी वाटी, वाटीवर नळीची डबी. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बारीक मुंग्या पृष्ठभागावरून चालत येत नाहीत. दोन दिवसांनी पाणी बघा, पुण्या-नागपुरात मे महिन्यात ते आटतं.

दुसरा शत्रू डास मारायचं औषध. माझ्या एका राणीने अकरा अंडी घातली होती, त्यांतले तीन कोष तयार झाले होते. तांबूस पिवळट, जिऱ्यासाळीच्या तांदळाएवढे. राणी ते तीनही जबड्यात धरून कापसाजवळ नेऊन ठेवायची, संध्याकाळी पुन्हा हलवायची. पाहुणे आले म्हणून त्या खोलीत एक रात्र डासांचं लिक्विड लावलं. सकाळी राणी पाठीवर, पाय आत मुडपलेले, कोष तसेच. ज्या खोलीत लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे वापरला जातो त्या खोलीत नळी ठेवूच नका. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर आठ-पंधरा दिवस दुसऱ्या घरी हलवा.

ऊन, फ्रिजचा वरचा भाग, वॉशिंग मशीनशेजारचं कपाट, हेही नको. ऊन-सावलीच्या फरकाने नळीत दव धरतं आणि हादऱ्यांनी राणी अंडी खाते. २५ ते ३० अंशांची अंधारी स्थिर जागा बास.

७. वाट बघणं

यात करायचं काहीच नसतं आणि म्हणूनच माणसं चुकतात. मुंगळ्याची राणी उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी यांच्यावर महिना-दीड महिना काढते. तिला मध, साखर, भात काही देऊ नका. बुरशी येईल.

आठवड्यातून एकदाच कागद सरकवून बघा. साधारण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत अंड्यांचा पुंजका, मग अळ्या, मग कोष, आणि साधारण दीड महिन्यात पहिली कामकरी. खोली गार असेल तर जास्त दिवस. पहिल्या कामकरी नेहमीपेक्षा बारीक असतात, ते बरोबर आहे.

> तपासा: महिनाभरात अंडीच नाहीत, किंवा पहिलेच कोष फार मोठे दिसतात? मीलन न झालेली राणीही अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात. अशी वसाहत उभी राहत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एकच राणी न ठेवता चार-पाच वेगवेगळ्या नळ्यांत ठेवा.

याला अपवाद आहेत. उडी मारणारी हार्पेग्नॅथॉस, जिचे डोळे मोठे आणि जबडे लांब चिमट्यासारखे असतात, तिची राणी स्थापनेच्या काळातही शिकारीला बाहेर पडते. तिला जिवंत भक्ष्य द्यावं लागतं. दिसायला भारी, पण पहिल्या वर्षी नको.

८. पहिलं जेवण, मग मोठं घर

पहिली कामकरी निघाली की दोन दिवस थांबा. मग प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यावर मधाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, थोडं पाणी मिसळून. दोन दिवसांनी किड्याचा तुकडा: मारलेला डास, फळमाशी, मीलवर्म नावाच्या अळीची चकती. बेसिनखाली मरून पडलेलं झुरळ कधीच नको, ते कशाने मेलं हे तुम्हाला माहीत नसतं. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी काढून घ्या.

गोड कामकऱ्यांसाठी, प्रथिनं अळ्यांसाठी. अळ्या वाढत नसतील तर किडे कमी पडत आहेत असं समजा.

वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत नळी बदलू नका. मोठ्या घरट्यात चार मुंग्या सोडल्या तर त्या एका कोपऱ्यात कचरा टाकतात, दुसऱ्या कोपऱ्यात बुरशी चढते आणि राणी अंडी कमी करते. वेळ आली की जुनी नळी उघडून नव्या घरट्याच्या पेटीत आडवी ठेवा. त्या आपणहून जातील. झटकून काढू नका. पेटीच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावा, वाळली की त्यावरून पाय घसरतो.

९. विकत घ्यायची असेल तर

चार प्रश्न विचारा. राणी कुठे सापडली? कधी? सोबत अंडी-अळ्या आहेत का? राणीचा बाजूने काढलेला फोटो? चारांपैकी एकाचंही उत्तर टाळलं तर सोडून द्या. नुसत्या कामकऱ्यांचा "सेट" घेऊ नका, राणीशिवाय ती वसाहत काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत संपते. डंख मारणाऱ्या लाल सोलेनॉप्सिस जेमिनाटा आणि लांब पायांच्या पिवळ्या अॅनोप्लोलेपिस या आक्रमक म्हणून जगभर कुप्रसिद्ध आहेत. कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका.

परदेशी जाती मागवणं हा कायद्याचा प्रश्न आहे. भारतात जिवंत कीटक आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली परवाना लागतो. पोस्टाने गुपचूप येणारी नळी ही तस्करीच. एप्रिल २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० राण्या नळ्यांत भरून नेणारी दोन बेल्जियन मुलं पकडली गेली. त्या मेसर सेफॅलोटिसच्या होत्या. न्यायालयाने दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. मागणी नसती तर त्या राण्या आपल्या रानातच राहिल्या असत्या.

१०. बाहेरदेशी राहत असाल तर

नियम तोच: जिथे राहता तिथली जात.

ब्रिटन, जर्मनीत काळी लासियस नायजर घ्या. उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या दुपारी ती फुटपाथवरच मिळते. प्रयोगशाळेत तिची राणी २८ वर्षांहून जास्त जगली आहे, तेव्हा घ्यायच्या आधी विचार करा. आपली माणसं तिथे एक चूक हटकून करतात: थंडीत तिला हीटरजवळ ठेवतात. तिला थंडीची झोप लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ५ ते १० अंशांत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाणी संपत नाही ना, एवढं बघा. आपल्या मुंगळ्याला उलट ही झोप नको, त्याला फ्रिजमध्ये ठेवू नका.

आखातात कॅम्पोनोटस फेलाह आहे, आपल्या मुंगळ्याची वाळवंटातली नातलग. पाळायची पद्धत जवळपास तीच, फक्त एसीच्या कोरड्या हवेत नळीतलं पाणी लवकर आटतं. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मुंग्या न्यायला शेती खात्याचा परवाना लागतो. घर बदलताना हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात बाहेरची जात आणायची तर बातच नको.

११. सोडून द्यायची वेळ आली तर

बदली होते, परीक्षा येते, घरातले कंटाळतात. वसाहत दुसऱ्याला देता आली तर उत्तम. नाही तर सोडायची, पण कुठे, याला एकच उत्तर: जिथून उचलली तिथेच. कोकणातली राणी लातूरच्या बागेत नाही, आणि विकत घेतलेली, ठावठिकाणा नसलेली वसाहत तर कुठेच नाही. ती नळीसकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. मी एकदा ठेवली आहे. ती मला विकणाऱ्याने जागा लिहून दिली नव्हती.

स्वतः पकडलेली असेल तर नळीवरची चिठ्ठी काढा. गेटजवळचा कडुलिंब, १२ जून. पाऊस उघडलेल्या संध्याकाळी त्याच बुंध्याशी, जवळपास दुसऱ्या मुंगळ्यांची रांग नाही हे बघून, ओलसर पाचोळ्याखाली नळी आडवी ठेवा, बोळा काढा आणि सकाळी रिकामी नळी घेऊन या.